फाटकावरच्या बाया

संपाच्या पहिल्या सकाळी प्रतिमा गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती, तेव्हा शेजारचं दार उघडून डार्लीन बाहेर आली. अंगात भावाचा शिकारीचा नारिंगी कोट, डोक्याला लोकरीची टोपी, पायांत गुडघ्याएवढे रबरी बूट. एरवी ती पांढरा युनिफॉर्म घालून यायची आणि बोलत बोलतच शेजारच्या सीटवर बसायची. आज ती पायरीवरच थांबली.

"आज तू एकटीच जा," ती म्हणाली.

"फाटकापर्यंत तरी चल. किती गारठा आहे."

"तुझ्या गाडीतून उतरून तिथं उभी राहू? सगळ्या तुझ्याकडे बघत बसतील. मी चालत जाते."

मग ती खाली आली, प्रतिमाच्या हातातून खरवडणी घेतली आणि मागची काच साफ करून दिली. मागची काच प्रतिमा नेहमीच अर्धवट सोडायची. खरवडणी परत देऊन डार्लीन उतारावरून निघून गेली.

पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरातलं ते गाव. कोळशाच्या खाणी कधीच बंद पडल्या होत्या, शर्ट शिवायचा कारखानाही गेला होता. आता कामाची जागा म्हणजे शाळा, किराण्याचं एक मोठं दुकान आणि समोरच्या टेकडीवरचं हॉस्पिटल. प्रतिमा तिथं नर्स होती. नागपूरला शिकून, परीक्षा देऊन ती तीन वर्षांपूर्वी इथं आली, कारण या गावात यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तिचा नवरा प्रल्हाद स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी पीएचडी करत होता. दीड तासाचा घाटरस्ता, म्हणून तो तिकडेच इतर विद्यार्थ्यांबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. घर भाड्याचं होतं, एकाच घराचे मधे भिंत घालून दोन भाग केलेले. एका भागात प्रतिमा, सहा वर्षांची हर्षिता आणि हर्षिताला सांभाळायला कामठीहून आलेली सासू जाईबाई. दुसऱ्या भागात डार्लीन आणि तिचा म्हातारा बाप, मिस्टर स्टँको. त्याची उमर खाणीत गेली होती. नाताळाच्या आधीपासून तो हॉस्पिटलातच होता.

डार्लीन प्रतिमाच्याच मजल्यावर काम करायची. रोग्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, चादरी बदलणं ही कामं करणाऱ्या बायांना तिथं एड म्हणत. आता हॉस्पिटलच्या बोर्डानं एडचे, स्वयंपाकघरातल्या आणि लाँड्रीतल्या लोकांचे तास कमी केले होते. तास कमी झाले की आरोग्य विमा जात होता.

"हॉस्पिटलात काम करायचं आणि आजारी पडलो तर हॉस्पिटलात यायची सोय नाही," डार्लीन त्या आठवड्यात म्हणाली होती. "अशी थट्टा कुठं असते का?"

नर्सेस त्यांच्या युनियनमध्ये नव्हत्या. आणि असत्या तरी प्रतिमाचा व्हिसा हॉस्पिटलच्या नावावर होता, ग्रीन कार्डाचे कागदही हॉस्पिटलनंच पुढे पाठवायचे होते. डार्लीनला ते ठाऊक होतं. त्या बाबतीत ती एक शब्द बोलली नव्हती.

फाटकाशी पंचवीस-तीस बाया आणि दोन-चार पुरुष उभे होते. लोखंडी पिंपात लाकडं पेटवली होती. प्रतिमानं गाडी हळू केली. समोरच्या बाया बाजूला झाल्या, कोणी ओरडलं नाही. स्वयंपाकघरातली लठ्ठ बाई रोज तिला दालचिनीचा पाव बाजूला काढून ठेवायची, तीही तिथं होती. तिनं मान दुसरीकडे फिरवली.

मजल्यावर तेवीस रोगी होते आणि त्या दिवशी तीन नर्सेस. नाश्त्याचे ट्रे त्यांनीच खालून आणले. ऑफिसातला एक क्लार्क अंड्यांचा पिवळा लगदा वाढत होता. औषधं देईपर्यंत साडेनऊ झाले आणि तोवर चार जणांनी गादी ओली केली होती. प्रतिमानं चादरी काढल्या, अंगं पुसली, पावडर लावली, पुन्हा चादरी घातल्या. एका म्हातारीची कूस बदलायला ती दुसऱ्या नर्सला हाक मारायची, पण तीही तिकडे कोणाच्या तरी अंगाखाली हात घालून अडकलेली असायची. दुपारी मळक्या चादरींच्या पिशव्या जिन्यापाशी छातीएवढ्या साठल्या. युनिफॉर्मला मुताचा वास लागला. पाणी प्यायचं राहून गेलं म्हणून बाथरूमलाही जावं लागलं नाही.

खिडकीजवळच्या पलंगावर मिस्टर स्टँको नाकात ऑक्सिजनची नळी लावून बसलेला असायचा. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे.

"डार्लीन बाहेर आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे."

"टोपी घातली आहे का?"

"घातली आहे."

"मग ठीक," तो म्हणाला आणि डोळे मिटून पुढचा श्वास गोळा करू लागला.

घरी आली की प्रतिमा कोट न काढता खुर्चीवर बसायची. जाईबाई तिच्यापुढे चहा ठेवायची, मग तिचे बूट ओढून काढायची. पहिल्यांदा प्रतिमानं पाय मागे घेतले होते. सासूनं बूट काढायचे म्हणजे काय. तिसऱ्या दिवसापासून तिनं पाय पुढे केले.

"त्या बाया दिवसभर उभ्याच राहतात वं," जाईबाई म्हणाली. समोरच्या खोलीच्या खिडकीतून दरीपलीकडे हॉस्पिटलचं फाटक आणि पिंपातला धूर दिसायचा. "बसत काहून नाई?"

"बसल्या तर गारठतील."

"अन् ते डार्लीन?"

"तीही आहे."

"तिच्या बापाले आता कोन पाहते?"

"मी पाहते, आई."

जाईबाईनं बूट नेऊन दाराशी ठेवले. हर्षिताला शाळेच्या बसमध्ये बसवलं की तिला दिवसभर काम नसायचं. टीव्ही तिला समजत नव्हता. कामठीला ती तीस वर्षं बिड्या वळत होती, मांडीवर सूप घेऊन, आजूबाजूला दहा बाया. इथं भिंतीपलीकडून म्हातारा खोकायचा तेवढीच सोबत, आणि तोही आता नव्हता.

चौथ्या दिवशी प्रतिमा कामावरून निघाली आणि फाटकाशी तिनं ब्रेक दाबला. पिंपाजवळ जाईबाई उभी होती. लुगड्यावर चर्चच्या सेलमधून आणलेला जांभळा फुगीर कोट, पायांत प्रल्हादचे मोजे आणि त्याचेच जुने स्पोर्ट शूज. हात आगीवर धरलेले. दालचिनीचा पाव देणाऱ्या बाईनं तिच्या गळ्यात मफलर गुंडाळून दिला होता. शेजारी थर्मास होता, घरचाच. प्रतिमा थांबली तशी जाईबाई सावकाश चालत येऊन गाडीत बसली.

"आई, तुम्ही इथं कशा?"

"चालत आली."

"एवढ्या बर्फातून? पडला असता तर?"

"नाई पडली. चहा आनला होता त्याईच्यासाठी. अद्रक टाकून." जाईबाईनं हात एकमेकांवर घासले. "सगळ्याईनं घेतला. एक जन म्हने काय काय, मले समजलं नाई. मग मी उभी राह्यली थोडी."

"तिथं उभं राहायचं म्हणजे काय असतं ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मले नाई ठाऊक त कोनाले ठाऊक?" जाईबाई म्हणाली आणि काचेबाहेर बघत राहिली.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. हर्षिताची बस गेली की निघायची आणि बस यायच्या आत परत यायची. प्रतिमाला थकव्यात त्याबद्दल बोलायचं त्राण नसायचं. उद्या बोलू, असं ती रोज ठरवायची.

पुढच्या आठवड्यात नर्सिंगची प्रमुख मिसेस कोल हिनं तिला खाली ऑफिसात बोलावलं. मिसेस कोल उंच, नीटनेटकी, आवाज कधी न चढवणारी बाई होती. तिनं टेबलावरचं गावचं वर्तमानपत्र प्रतिमाकडे फिरवलं. पहिल्याच पानावर जाईबाई होती. वाफाळता कप दोन्ही हातांत, तोंडावर हसू, कोटाखाली लुगड्याचे काठ.

"तुझ्या सासूबाई ना? छान आलाय फोटो," मिसेस कोल म्हणाली.

"हो."

"त्यांना घरीच राहायला सांगितलंस तर बरं. तिथं घसरडं झालंय. या वयात पडल्या तर खुबा मोडतो, तुला सांगायला नको." ती थांबली. "बोर्डावरच्या एक-दोघांनी विचारलं कोण म्हणून. मी म्हटलं, आमच्या प्रतिमाच्या घरच्या आहेत. तुझे कागद याच महिन्यात त्यांच्यापुढे जायचे आहेत, म्हणून कानावर घातलं. बाकी काही नाही."

"सांगते मी," प्रतिमा म्हणाली. वर जाताना जिन्याच्या मधल्या वळणावर ती कठड्याला धरून थोडी थांबली. मग एका खोलीतली घंटा वाजू लागली म्हणून पुढे गेली.

शनिवारी प्रल्हाद आला. येताना त्यानं स्टेट कॉलेजच्या दुकानातून तूरडाळ, तिखट आणि ज्वारीचं पीठ आणलं होतं. पिशव्या ओट्यावर ठेवतानाच प्रतिमानं त्याला वर्तमानपत्र दाखवलं. त्यानं बातमी उभ्यानंच वाचली.

"आई, तू व्हिजिटर म्हणून आली आहेस," तो म्हणाला. "इथल्या भानगडीत आपल्याला पडायचं नाही. माझा व्हिसाही हिच्याच व्हिसावर आहे. हिची नोकरी गेली तर आपण सगळेच विमानात बसू. माझं शिक्षण अर्धवट. समजतंय का तुला?"

"मी कोनती भानगड केली?"

"फोटो आलाय तुझा."

"फोटो काय मी मागतला होता? चहा पाजत होती मी." जाईबाई ज्वारीचं पीठ डब्यात ओतत होती, हात थांबला नाही. "तू पोटात होता तवा आमी कारखान्यासमोर बसलो होतो. मोजनीवाला मूठमूठ बिड्या खराब म्हनून बाजूले काढे, पैसे न देता ठेवून घे, अन् त्याच मंग विके. तुझ्या बापानं मले घरी ये म्हटलं नाई. दोन्ही टाइम तोच भाकर घेऊन ये."

"ते वेगळं होतं, आई."

"असन," जाईबाई म्हणाली. डब्याचं झाकण लावून ती प्रतिमाकडे वळली. "तू सांग. नौकरी तुई आहे. तू नको म्हन, मी नाई जात."

हर्षिता टेबलाशी चित्र रंगवत होती. तिनं वर पाहिलं. "बट आजी लाइक्स इट देअर," ती म्हणाली. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

प्रतिमाच्या पायांना सूज होती. तिला नुसतं आडवं व्हायचं होतं.

"नका जाऊ, आई," ती म्हणाली.

"बरं."

जाईबाई गेली नाही. सोमवारी तिनं सगळ्या घराची फरशी पुसली, मंगळवारी पुन्हा पुसली. खिडकीचा पडदा ओढलेला राहू लागला.

संप तिसऱ्या आठवड्यात गेला. बाहेरगावाहून भाड्यानं आणलेले गार्ड आले. संपावरच्या लोकांना आत यायची बंदी झाली, आपला माणूस दाखल असेल तर संध्याकाळी अर्धा तास, तेही गार्ड बरोबर घेऊन. डार्लीन रोज संध्याकाळी यायची, बापाचे केस विंचरायची, त्याचं तोंड पुसायची. पलंगाच्या पायथ्याशी पट्ट्यात हात खुपसून गार्ड उभा असायचा. प्रतिमा दिसली तर डार्लीन मान हलवायची, तिला उगीच अडचण नको म्हणून बोलायची नाही.

मजल्यावर आता दोनच नर्सेस असायच्या. तिसरीची पाठ धरली म्हणून तिनं सुट्टी घेतली होती. एका सकाळी मिस्टर स्टँकोनं बेडपॅन नको म्हटलं.

"मला तिथं बसू दे. त्या भांड्यावर माणसाला लाज वाटते," तो म्हणाला.

बाथरूम सहा-सात पावलांवर होतं. प्रतिमानं त्याच्या कमरेला पट्टा बांधला, नळी लांब केली, त्याला उभं केलं. अर्ध्या वाटेत त्याचे गुडघे गेले. तो हाडांचा सापळा झाला होता, तरी उंच माणूस, तोलाला भारी. तिनं त्याला पोटाशी धरून ठेवलं. पाठीत खालच्या बाजूला काहीतरी सटकलं आणि डाव्या पायात टाचेपर्यंत कळ गेली. तिनं पट्टा सोडला नाही. दोघं भिंतीला घासत घासत खाली आले, ती खाली, तो तिच्या मांडीवर.

घंटेची दोरी हाताला येत नव्हती. तिनं दोन हाका मारल्या. मग तोंडातून आवाज काढला तरी कळ येईल अशी भीती वाटू लागली.

"सॉरी, हनी," म्हातारा धापा टाकत म्हणाला. त्याचा पायजमा ओला झाला होता आणि तिचाही युनिफॉर्म. "डार्लीन असती तर तिनं मला उठूच दिलं नसतं."

"लागलं का तुम्हाला?"

"मी मऊ जागी बसलोय," तो म्हणाला.

ट्रे घ्यायला आलेल्या क्लार्कनं त्यांना पाहिलं तेव्हा कुठं माणसं धावली.

मिसेस कोलनं तिला घरी पोचवायची सोय केली. "आठवडाभर आराम कर. त्यापुढे मात्र नको. तू नसलीस तर हा मजला चालणार नाही," ती म्हणाली. हे खरंच होतं आणि म्हणून प्रतिमाला त्यावर रागही धरता येईना.

पलंगावर तिला कूस बदलता येत नव्हती. जाईबाईनं एकदा खांद्याखाली हात घालून पाहिलं आणि प्रतिमा किंचाळली. म्हातारी घाबरून मागे झाली. थोडा वेळ ती दारात उभी राहिली, मग बाहेर गेली आणि शेजारचं दार ठोठावू लागली. डार्लीन नुकतीच फाटकावरून आली होती. कोट तसाच, गाल लाल, भुवयांवर बर्फ.

"कुठं धरलंय?" तिनं विचारलं.

"खाली. डाव्या बाजूला."

डार्लीननं हात रेडिएटरवर धरून गरम केले. जाईबाईला खुणेनं पलीकडे उभं केलं, चादर दुमडून प्रतिमाच्या कमरेखाली सरकवली, एक टोक म्हातारीच्या हातात दिलं.

"श्वास सोड," ती म्हणाली. "तू काही करू नकोस. आम्ही करतो."

प्रतिमा कुशीवर आली तेव्हा तिला कळलंही नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी घालून डार्लीननं तिची पाठ पुसली, चादरीच्या वळ्या हातानं सारख्या केल्या.

"तो पडला का?" मग तिनं विचारलं.

"नाही. माझ्या अंगावर बसला."

डार्लीन हसली. प्रतिमालाही हसू आलं आणि कळ आली. "हसवू नकोस," ती म्हणाली. मग तिला रडूच फुटलं. डार्लीन पलंगाच्या कडेला बसून राहिली.

"काल मी त्याची नखं कापली," डार्लीन म्हणाली. "तो गार्ड म्हणतो, कात्री दाखवा. गोलाकार टोकाची कात्री. मी दाखवली. त्यानं हातात घेऊन पाहिली. माझ्या बापाची नखं, प्रतिमा."

ती गेल्यावर जाईबाई खुर्ची ओढून बसली.

"प्रतिमा."

"हं."

"उद्या जाऊ का मी तिकडे?"

प्रतिमा भिंतीकडे तोंड करून पडली होती. "कोट घालून जा," ती म्हणाली. "आणि बुटांच्या नाड्या घट्ट बांधा."

त्या शनिवारी प्रल्हादला ते कळलं. तो बायकोकडे बघत राहिला. "मी सांगितलं त्यांना जायला," प्रतिमा पडल्या पडल्या म्हणाली. त्यानं खुर्चीवरची तिची औषधं सारखी केली, पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि संध्याकाळी खिचडी त्यानंच टाकली.

आठवड्यानंतर प्रतिमा कमरेला पट्टा बांधून कामावर गेली. मिस्टर स्टँको आता बोलत नव्हता. श्वासाचं मशीन नको असं त्यानं आधीच लिहून दिलेलं होतं. दुपारी जेवणाचे ट्रे उचलताना तिला त्याचा श्वास लांबलेला ऐकू आला. तिनं ट्रे ठेवला, पलंगाशी बसून त्याचा हात धरला. एक श्वास आला. मग पुढचा येईपर्यंत तिला वाटलं झालं, पण तो आला. त्यानंतर मात्र आला नाही.

डॉक्टर येऊन पाहून गेले. मिसेस कोल वर आली.

"घरी फोन करायला सांगते," ती म्हणाली.

"घरी कोणी नाही. ती फाटकावर आहे."

"मग गार्ड सांगेल."

"मी सांगते."

"प्रतिमा, ड्यूटीवरच्या माणसानं तिथं जायचं नाही, ठाऊक आहे तुला."

"ठाऊक आहे," प्रतिमा म्हणाली. कोट आणायला लॉकरकडे जायचं म्हणजे उलट्या दिशेला. ती तशीच जिना उतरली.

उतारावर मीठ टाकलं होतं तरी पाय सरकत होते. पाठ जपत ती एकेक पाऊल टाकत गेली. पांढरा युनिफॉर्म चालत येताना पाहून फाटकावरचं बोलणं थांबलं. जाईबाईनं तिचा चेहरा पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या डार्लीनचा दंड धरला.

"आत्ताच," प्रतिमा म्हणाली. "मी जवळ होते. त्रास झाला नाही."

डार्लीननं हातातला संपाचा फलक बर्फात उभा रोवला. तो पडला, कोणीतरी उचलला. ती आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिली.

"चल," प्रतिमा म्हणाली. "आपण करू. दुसऱ्या कोणाला नको."

दोघी वर आल्या. गार्ड मागोमाग आला आणि खोलीत शिरू लागला.

"मला आत थांबायला सांगितलंय, मॅम."

"माणसाला अंघोळ घालायची आहे," प्रतिमा म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा." आणि तिनं दार लावून घेतलं.

डार्लीननं कोट काढला, बाह्या वर केल्या. पाणी किती गरम हे तिनं मनगटावर पाहिलं. त्यांनी त्याचा चेहरा पुसला, मान, छाती, काखा. दोन्ही हातांवर आणि खांद्यावर कातडीखाली कोळशाचे निळे डाग राहिले होते. ते पुसून जाणारे नाहीत हे डार्लीनला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी ती त्यांच्यावरून फडकं पुन्हा पुन्हा फिरवत होती. प्रतिमा पाणी पुढे धरत राहिली. मग पाठ. "तू ढकलू नकोस, तुझी कंबर," डार्लीन म्हणाली आणि तिनं एकटीनं बापाला आपल्याकडे वळवून छातीशी धरलं. प्रतिमानं पाठ पुसून कोरडी केली. धुतलेला पायजमा घातला. केसांचा भांग डार्लीननं पाडला, चुकला म्हणून पुन्हा पाडला.

अंत्यविधीवाले येऊन त्याला घेऊन गेले. खोलीत रिकामा पलंग उरला. डार्लीननं सवयीनं चादरीचं एक टोक ओढून काढलं, मग पायथ्याचं. उशीचा अभ्रा अर्धा काढला आणि तिचे हात थांबले. तिनं उशी परत पलंगावर ठेवली.

"मी संपावर आहे," ती म्हणाली.

तिनं कोट चढवला आणि गार्डच्या पुढून चालत गेली. उरलेली चादर प्रतिमानं काढली.

तीन वाजता मिसेस कोलनं तिला पुन्हा बोलावलं. या वेळी तिनं बसायलाही सांगितलं नाही.

"डार्लीनच्या वडलांचं वाईट वाटलं. पण मी सांगितलं होतं. तुझे कागद आता उन्हाळ्यात बघू असं बोर्ड म्हणतंय."

"बरं."

"आणि तुझ्या सासूबाई आजही तिथं आहेत."

"हो," प्रतिमा म्हणाली. "त्या तिथंच असतात."

संप आणखी तीन आठवडे चालला. शेवटी निम्म्या लोकांचे तास परत मिळाले, निम्म्यांना बोलावलंच नाही. डार्लीन न बोलावलेल्यांत होती. तिला पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वृद्धाश्रमात काम मिळालं, पगार कमी, जायला पाऊण तास. प्रतिमाचे कागद उन्हाळ्यात गेले नाहीत, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेले. मग प्रल्हादला दूर पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला नोकरी लागली आणि ते घर सोडून गेले. जाईबाई त्याच्या खूप आधी, संपानंतरच्या एप्रिलमध्येच, कामठीला परतली होती.

मिस्टर स्टँको गेला त्या दिवशी मात्र मिसेस कोलच्या ऑफिसातून प्रतिमा पुन्हा मजल्यावर गेली. एक म्हातारी उलटी करत होती, तिचं आवरेपर्यंत पाच वाजून गेले. कोट घालून ती गाडी काढायला निघाली आणि मग गाडी तिथंच ठेवून उतारावरून चालत खाली फाटकाशी आली. उजेड जायला लागला होता. डार्लीन घरी गेली होती, फ्युनरलच्या लोकांशी बोलायला. बाकीच्या होत्या.

"हर्षिता कुठं आहे?" प्रतिमानं सासूला विचारलं.

"डार्लीन घेऊन गेली. बसमधून दोघीनं मिळूनच उतरवलं तिले. मंग मी वापस आली इकडे."

दालचिनीचा पाव देणाऱ्या बाईनं दुधाचा रिकामा क्रेट पालथा करून पुढे सरकवला. प्रतिमा त्यावर बसली. आगीची धग गुडघ्यांना लागली तशी पाठीतली कळ थोडी सैल झाली. कोणीतरी तिच्या हातात कप दिला. आल्याचा वास आला, पण चहा गार झालेला होता. तिनं तो पिऊन टाकला.

वरून गाडी आली. दिव्यांचा झोत सगळ्यांवरून फिरला आणि प्रतिमावर थांबला. मिसेस कोलनं गाडी हळू केली, काचेतून पाहिलं. प्रतिमानंही पाहिलं. बाया बाजूला झाल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि खालच्या रस्त्याला लागली.

"उठतं का?" जाईबाईनं विचारलं. "घरी जाऊ."

"थांबा, आई," प्रतिमा म्हणाली. "आत्ता उठवणार नाही."

जाईबाई तिच्यामागे जाऊन उभी राहिली, म्हणजे तिला पाठ टेकता येईल.